आर-१२ पासून आर-१३४ए पर्यंत : मोटारींच्या वातानुकूलनातील एक स्थित्यंतर

ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे जो करार झाला, त्याचा इतिहास सामान्यतः परिषदा, दुरुस्त्या आणि मुदती यांच्या क्रमाने सांगितला जातो. हा क्रम चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. नव्या वस्तूंवर निर्बंध घालणे त्या मानाने सोपे असते. उत्पादक मोजके असतात, त्यांच्याशी वाटाघाटी करता येतात, आणि ठरलेल्या वर्षापासून नवी वस्तू नव्या रीतीने तयार होऊ लागते. जी वस्तू पूर्वीच विकली गेली आहे, कोणाच्या तरी दारात उभी आहे आणि अजून दहा-पंधरा वर्षे चालावयाची आहे, तिचे काय करावे हा प्रश्न मात्र निराळा आणि अधिक बिकट असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० नंतरच्या दशकात हा प्रश्न जुन्या मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणेच्या रूपाने पुढे आला. त्या यंत्रणांत आर-१२ हे प्रशीतक भरलेले होते. कारागीर ज्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात तेच हे द्रव्य. त्याचे उत्पादन बंद झाल्यावर त्याच यंत्रणेत आर-१३४ए हे दुसरे प्रशीतक भरण्याची पद्धत रूढ झाली. वरवर पाहता ही एक किरकोळ दुरुस्ती होय. वस्तुतः आंतरराष्ट्रीय कराराचे शब्द सामान्य मनुष्याच्या मालमत्तेपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतात, याचे हे बोधप्रद उदाहरण आहे.

१. ‘सुरक्षित’ वायूची निर्मिती

आर-१२ हे प्रशीतक प्रथम प्रचारात आले ते सुरक्षिततेच्याच नावाने, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. १९३० पूर्वीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड आणि मिथाइल क्लोराइड ही द्रव्ये वापरीत असत. थंडावा देण्याचे काम ती उत्तम करीत. परंतु नळी फुटली की घरातील माणसांच्या जिवावर बेतत असे. अमोनिया व सल्फर डायॉक्साइड यांचा उग्र वास निदान धोक्याची सूचना देई. मिथाइल क्लोराइडचा मंद वास तेवढीही सूचना देत नसे, आणि शिकागो शहरात १९२९ च्या सुमारास त्याच्या गळतीने अनेकांचे प्राण गेले होते.

या पार्श्वभूमीवर जनरल मोटर्स कंपनीच्या फ्रिजिडेअर विभागासाठी टॉमस मिजली, अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी या संशोधकांनी १९२८ पासून विषारी नसलेले व पेट न घेणारे प्रशीतक शोधण्याचे काम हाती घेतले. कार्बन, क्लोरिन व फ्ल्युओरिन यांच्या संयोगाने बनणारे डायक्लोरोडायफ्ल्युओरोमिथेन हे त्या शोधाचे फळ होय. यासच पुढे आर-१२ असे नाव मिळाले. सुमारे उणे ३० अंश सेल्सियसला ते उकळते, म्हणजे शीतयंत्रास हवे तसे ते आहे. १९३० मध्ये अमेरिकन रसायन परिषदेच्या सभेत मिजलीने या वायूचा श्वास छातीत भरून घेतला आणि तो सावकाश सोडून मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे एकाच कृतीने सिद्ध झाले. त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यू पाँ यांनी मिळून त्याच्या उत्पादनासाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि ‘फ्रेऑन’ हे व्यापारी नाव लवकरच सर्वतोमुखी झाले.

पुढील काळात मिजलीवर अदूरदृष्टीचा आरोप पुष्कळ झाला. इतिहासाच्या दृष्टीने तो न्याय्य म्हणता येत नाही. १९३० मध्ये सुरक्षिततेची कसोटी म्हणजे खोलीत बसलेल्या मनुष्याची सुरक्षितता. वातावरणात अब्जांशापेक्षाही कमी प्रमाणात असलेला असा वायू मोजण्याचे साधनच त्या काळी नव्हते. ते जेम्स लव्हलॉक याने १९५७ मध्ये तयार केले. ज्या गुणामुळे हा वायू घरात निर्धोक ठरला, तो गुण म्हणजे त्याची रासायनिक निष्क्रियता. आणि त्याच गुणामुळे तो सुमारे शंभर वर्षे वातावरणात टिकून राहतो. त्याचा गुण आणि त्याचा दोष ही दोन निरनिराळी प्रकरणे नव्हेत.

२. मोटारीची यंत्रणा आणि तिची गळती

मोटारीत कारखान्यातच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा प्रथम पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांसाठी देऊ केली. तिची जादा किंमत २७४ डॉलर होती. थंड हवा देणारी कूलिंग कॉइल मागील बैठकीच्या पाठीशी होती, आणि कॉम्प्रेसर इंजिनापासून अलग करण्याची सोय नव्हती. यंत्रणा बंद करावयाची तर इंजिन थांबवून, झाकण उघडून पट्टा हाताने काढावा लागे. साहजिकच तिचा खप फारसा झाला नाही. १९५३ पासून मोठ्या कंपन्यांनी हा प्रयत्न पुन्हा केला; १९५४ मध्ये नॅश कंपनीने संपूर्ण यंत्रणा गाडीच्या पुढील भागात आणून ती तापक-यंत्रणेशी जोडली; आणि १९६९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक मोटारी वातानुकूलित असत.

घरातील शीतकपाट आणि मोटार यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. शीतकपाटाची विद्युत् मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच झाळलेल्या लोखंडी कोशात बंदिस्त असतात. तेथून वायू बाहेर पडण्यास वाटच नसते. मोटारीतील कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा कोशातून बाहेर यावा लागतो आणि तेथे सील ठेवावे लागते. इंजिन हादरते व बाकीचा सांगाडा वेगळ्या तालाने हादरतो, म्हणून दोहोंना जोडण्यास ताठ धातूची नळी चालत नाही. रबरी नळी लागते. सील आणि रबरी नळी यांतून वायू थोडा थोडा झिरपतच राहतो. म्हणून दोन-चार उन्हाळ्यांनंतर ‘गॅस भरून घेणे’ हा मोटारीच्या देखभालीचा नित्याचा भाग झाला. गॅस स्वस्त असल्यामुळे दुरुस्तीपूर्वी उरलेला गॅस हवेत सोडून देणे हीच गॅरेजमधील सर्वमान्य पद्धत होती. त्यात बेजबाबदारपणा आहे असे कोणास वाटत नव्हते, कारण तो वायू ‘सुरक्षित’ होता.

३. कसोटी बदलते

१९७४ च्या जून महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. भूपृष्ठाजवळ कशानेही न विघटणारी ही द्रव्ये अखेर स्थितांबरात पोहोचतात, तेथे अतिनील किरणांनी त्यांतील क्लोरिन सुटा होतो, आणि क्लोरिनचा एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा नाश करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कार्याबद्दल त्या दोघांना पॉल क्रूट्झेन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेने १९७८ मध्ये फवाऱ्याच्या डब्यांतील या द्रव्यांच्या अनावश्यक वापरावर बंदी घातली; परंतु शीतयंत्रांना हात लावला नाही. या भेदाचे कारण उघड आहे. फवाऱ्यासाठी दुसरी द्रव्ये हाताशी होती, आणि रिकामा डबा फेकून दिला की जुने काही शिल्लक राहत नसे. शीतयंत्राच्या बाबतीत पर्याय सिद्ध नव्हता आणि जुन्या यंत्रांचा संचय अफाट होता. जुन्या वस्तूंचा प्रश्न पुढे उग्र होणार याची चाहूल या १९७८ च्या निर्णयातच लागते.

१९८५ च्या मे महिन्यात फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राच्या नोंदींवरून तेथील वसंत ऋतूत ओझोनची मोठी घट होत असल्याचे दाखविले. त्यानंतर घटना वेगाने घडल्या. १९८७ च्या करारात उत्पादन निम्म्यावर आणण्याचे ठरले. १९९० च्या लंडन परिषदेत २००० सालापर्यंत ते पूर्णपणे थांबविण्याचे ठरले. आणि १९९२ च्या कोपनहेगन परिषदेत ही मुदत प्रगत देशांसाठी १९९५ च्या अखेरीवर आणली गेली. पाच वर्षांच्या आत ‘निम्मे’ याचे ‘शून्य’ झाले, आणि त्या शून्याची तारीखही अलीकडे आली.

नव्या मोटारींसाठी पर्याय ठरला तो टेट्राफ्ल्युओरोइथेन, म्हणजे आर-१३४ए. त्यात क्लोरिन नाही. त्यामुळे ओझोनला त्यापासून उपद्रव नाही. हे द्रव्य नवे नव्हते. मिजलीचा सहकारी अल्बर्ट हेन याने १९३६ मध्येच त्याची माहिती प्रसिद्ध केली होती; पन्नास वर्षे त्याची कोणास गरज वाटली नाही, इतकेच. १९९२ ते १९९४ या वर्षांत अमेरिकेतील नव्या मोटारी क्रमाक्रमाने या द्रव्यावर आल्या. तोपर्यंत विकल्या गेलेल्या मोटारी मात्र होत्या तशाच राहिल्या.

४. कायद्याने काय केले आणि काय केले नाही

जुन्या मोटारीत नवे प्रशीतक भरलेच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने केला नाही. साठ्यात असलेला किंवा दुसऱ्या गाडीतून काढून शुद्ध केलेला आर-१२ जुन्या गाडीत भरण्यास १९९५ नंतरही मुभा राहिली. कायद्याने उत्पादनाचा उगम बंद केला आणि पुढचे काम किंमतीवर सोपविले. १९९० पासून आर-१२ वर दर पौंडास १.३७ डॉलर कर बसविण्यात आला. तो वाढत वाढत १९९५ मध्ये ५.३५ डॉलरवर गेला. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीने गाडीतील गॅस हवेत सोडण्यास मनाई केली, तो काढून घेण्याचे यंत्र गॅरेजमध्ये असणे आवश्यक ठरविले आणि कारागिरास प्रमाणपत्र सक्तीचे केले. नोव्हेंबर १९९२ पासून गॅसचे लहान डबे प्रमाणपत्र नसलेल्या ग्राहकास विकणेही बंद झाले. घरच्या घरी डबा जोडून गॅस भरण्याची मालकाची सवय अशा रीतीने मोडली.

किंमतीवर सोपविलेल्या कामाचे दुष्परिणामही किंमतीतूनच उद्भवले. करारानुसार विकसनशील देशांना २०१० पर्यंत मुदत होती. म्हणजे जे द्रव्य एका देशात दुर्मिळ व करभाराने महाग झाले होते, तेच दुसऱ्या देशात कायदेशीरपणे व स्वस्तात तयार होत होते. १९९५ च्या आसपास मायामी बंदर या द्रव्याच्या चोरट्या आयातीसाठी कुप्रसिद्ध झाले. नव्या मालाला ‘पुन्हा शुद्ध केलेला जुना माल’ असे नाव देऊन तो आत आणण्याची युक्ती सर्रास वापरली जाई, कारण दोहोंत फरक दाखविणे रासायनिक परीक्षेलाही कठीण होते.

५. परिवर्तनाचे तंत्र : दोन मते

जुन्या यंत्रणेत नवा वायू सरळ भरता येत नव्हता, याची कारणे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. पहिले कारण वंगणाचे. कॉम्प्रेसरला लागणारे तेल प्रशीतकाबरोबर सर्व नळ्यांतून फिरून परत यावे लागते. आर-१२ बरोबर खनिज तेल मिसळत असे. आर-१३४ए मध्ये ते मिसळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये अडकून पडते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून पॉलिअल्किलीन ग्लायकॉल किंवा एस्टर या जातीचे कृत्रिम तेल घालावे लागे. दुसरे कारण दाबाचे. शून्य अंश सेल्सियसला आर-१२ चा दाब सुमारे ३.१ बार आणि आर-१३४ए चा सुमारे २.९ बार असतो, म्हणजे जवळजवळ सारखाच. परंतु ६५ अंशांना हे आकडे अनुक्रमे सुमारे १७ आणि १९ असे होतात. भर उन्हात, रहदारीत थांबलेल्या गाडीच्या कंडेन्सरवर हा अधिक ताण येई. तिसरे कारण रेणूच्या आकाराचे : नव्या वायूचा रेणू लहान असल्याने तो जुन्या रबरी नळीतून अधिक झिरपेल अशी भीती होती. शिवाय काही जातींची रबरी सीले आणि ड्रायरमधील ओलावा शोषून घेणारे जुने द्रव्य नव्या वायूशी किंवा तेलाशी जुळत नसे.

यावरून दोन मते तयार झाली. एका मताप्रमाणे परिवर्तन म्हणजे नव्या गाडीसारखी यंत्रणा करणे होय : कॉम्प्रेसर, नळ्या, सर्व ओ-रिंगा, ड्रायर आणि शक्य तर कंडेन्सरही बदलावा. दुसरे मत असे की, गॅस पूर्णपणे काढावा, शक्य तितके जुने तेल निघू द्यावे, नवे तेल घालावे, तोंडे बदलावीत, आणि मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ९० टक्के एवढाच नवा गॅस भरावा. बाकी जे चालते आहे त्यास हात लावू नये. पहिल्या मताप्रमाणे खर्च इतका येई की दहा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या मालकाने तो करणे अशक्यप्राय होते.

अनुभवाने दुसऱ्या मतास बरेचसे बळ दिले. जुन्या नळ्यांविषयीचा निष्कर्ष या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे खनिज तेलात भिजलेल्या रबरात ते तेल मुरलेले असते, आणि ते मुरलेले तेलच लहान रेणूच्या वायूला अडवून धरते. ज्या जुन्या तेलाला नवा वायू आपल्यात मिसळून घेत नव्हता, तेच तेल त्या वायूचा राखणदार ठरले. त्याचप्रमाणे जेथे सांधा उघडला नाही तेथील ओ-रिंगा बदलण्याची गरज बहुधा पडत नसे, आणि मागे राहिलेल्या थोड्याशा खनिज तेलाने विशेष बिघाड होत नसे. तथापि विशिष्ट जातीच्या रबराची सीले असलेले काही कॉम्प्रेसर या परिवर्तनास अपात्र होते, आणि लहान कंडेन्सर असलेल्या गाड्यांत कडक उन्हात थंडावा कमी पडे, हेही नमूद केले पाहिजे. परिवर्तन परिपूर्ण नव्हते. परंतु ते पुरेसे होते, आणि ते पुरेसे होते म्हणूनच ते झाले. परिपूर्णतेचा आग्रह धरला असता तर मालकांनी चोरट्या आर-१२ ची वाट धरली असती.

६. लेबल आणि तोंड

एका बाबतीत मात्र तडजोड करण्यात आली नाही. परिवर्तित गाडीच्या गॅस भरण्याच्या तोंडांवर नव्या आकाराचे जोड कायमचे बसविणे आणि इंजिनाजवळ लेबल लावणे सक्तीचे होते. आर-१२ चे जोड आट्यांचे होते, आर-१३४ए चे चटकन बसणारे. एकाची नळी दुसऱ्यास लागत नसे. लेबलावर परिवर्तनाची तारीख, ते करणाऱ्याचे नाव, नव्या वायूचे व तेलाचे नाव आणि त्यांचे प्रमाण लिहावे लागे. आर-१३४ए च्या लेबलाचा रंग आकाशी होता. उद्देश असा की, पुढच्या कारागिराने दोन वायूंची भेसळ करू नये, कारण भेसळ झालेला वायू शुद्ध करून वापरता येत नाही आणि तो काढून घेणारे यंत्रही दूषित होते. सामान्य मनुष्याच्या गाडीत जागतिक कराराचा जो एकमेव लिखित पुरावा उरला तो हा होय. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यास एक लहानसा ताम्रपट म्हणावयास हरकत नाही.

ओळख पटविण्याची ही व्यवस्था किती मोलाची आहे, याची दारुण प्रचीती २०११ मध्ये आली. आर-१३४ए म्हणून खपविलेल्या बनावट मालात मिथाइल क्लोराइड मिसळलेले निघाले. ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन जहाजावरील शीतपेट्यांचे स्फोट झाले आणि व्हिएतनाम व ब्राझील येथे तीन कामगार मृत्युमुखी पडले. ज्या वायूला १९३० मध्ये घराबाहेर काढण्यात आले होते, तोच भेसळीच्या वाटेने परत आला होता.

७. भारताची भूमिका

या स्थित्यंतराचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाशी भारताचा संबंध आहे. १९९० च्या लंडन परिषदेत मनेका गांधी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने चीनसमवेत असा आग्रह धरला की, हे संकट ज्यांनी निर्माण केले त्यांनी पर्यायी तंत्रज्ञानाचा आणि खर्चाचा भार उचलावा. तेथे बहुपक्षीय निधी स्थापन झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन सामील झाल्यास २४ कोटी डॉलर, अशी तरतूद झाली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला, २००० मध्ये ओझोन-नाशक द्रव्यांच्या नियमनाचे नियम झाले, आणि १ ऑगस्ट २००८ पासून दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद वगळता या द्रव्यांचे उत्पादन थांबविण्यात आले. लंडनमध्ये राष्ट्रांच्या पातळीवर भारताने मांडलेला प्रश्न आणि अमेरिकेतील जुन्या मोटारीच्या मालकापुढे उभा राहिलेला प्रश्न तत्त्वतः एकच होता : नियम सर्वांसाठी सारखा असला, तरी तो पाळण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते.

८. समारोप

आर-१३४ए हाही शेवटचा मुक्काम ठरला नाही. ओझोनला निर्धोक असलेला हा वायू पृथ्वीच्या तापमानवाढीच्या कसोटीवर उतरला नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. आर-१२ च्या सुमारे १०,९०० पटींपेक्षा तो पुष्कळच कमी असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशाने २०१७ पासून सर्व नव्या मोटारींसाठी ही मर्यादा १५० वर आणली, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या वर्गातील द्रव्यांची क्रमाक्रमाने कपात करण्याचे ठरले. नव्या मोटारींत आलेले आर-१२३४वायएफ हे प्रशीतक तापमानवाढीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी आहे. परंतु ते सौम्य प्रमाणात ज्वालाग्राही आहे. ज्वलनशीलता हा दोष टाळण्यासाठी १९२८ मध्ये जो शोध सुरू झाला, त्याने नव्वद वर्षांनी त्या दोषाचा थोडासा अंश जाणूनबुजून पुन्हा स्वीकारला.

यावरून सर्वच शोध व्यर्थ होते, असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. प्रत्येक टप्प्यावर सुरक्षिततेचे क्षेत्र विस्तारत गेले : प्रथम खोलीतील मनुष्य, मग ओझोनचा थर, मग पृथ्वीचे हवामान. परंतु प्रत्येक वेळी क्षेत्र विस्तारले तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांचा हिशेब कोणाला तरी चुकता करावा लागला. परिषदांनी तारखा ठरविल्या. जुन्या नळीत मुरलेल्या तेलावर विश्वास ठेवावा की नाही, हे गॅरेजमध्ये ठरले. मोटारींच्या बाबतीत माँट्रियल करार यशस्वी झाला याचे श्रेय जितके पहिल्या निर्णयाला आहे, तितकेच दुसऱ्यालाही दिले पाहिजे.